प्रकल्प नोंदी : एका चवळीत किती टोके मावतात?

१९ जानेवारी

होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, अजून चालूच आहे, पाळणे फिरतायत, आणि इकडं सरांनी आज सरळ सांगितलं की विषय द्या नाहीतर मी देतो. आमचा म्हणजे माझा आणि लावण्याचा विषय डिसेंबरपासून "ठरतोय". गर्दीचा कीटकांच्या वाढीवर काय परिणाम होतो हे बघायचं एवढं नक्की होतं, कीटक कुठला ते ठरत नव्हतं. आधी ज्वारीच्या पिठातले लाल किडे घेणार होतो, सोलापुरात ज्वारीच्या पिठाला काय तोटा, पण पिठात अंडी शोधायची म्हणजे चाळणी घेऊन डोळे फोडून घ्यायचे आणि वर ते किडे गर्दी झाली की एकमेकांची अंडी आणि कोष खातात, म्हणजे मेलं कोण आणि खाल्लं कुणी ह्याचा हिशोब लागायचा नाही.

मग आज दुपारी आजीनं मुगाचा डबा उघडला आणि आत दुसरा गड्डा भरलेला! टोके, म्हणजे कडधान्यात होणारे बारके किडे. दाण्यांवर पांढरे ठिपके, दाण्याला गोल भोकं, आणि तळाला पीठ. आजी डबा उन्हात ठेवायला निघाली होती, मी धावत जाऊन काढून घेतला. "काय करलालीस गं टोक्यांशी," म्हणाली. सांगितलं, प्रोजेक्ट आहे. "मग मुगाचे पैसे कॉलेज देणार का?"

सरांना फोन केला, ते खूश. कारण टोक्याची मादी दाण्याच्या बाहेरच्या अंगावर अंडं चिकटवते, ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं, अंड्यातली अळी सरळ खाली दाण्यात घुसते आणि मग तिला दाणा बदलायची सोयच नाही, सगळं लहानपण त्याच एका दाण्यात. म्हणजे गर्दी मोजायची तर दाण्यावरची अंडी मोजायची. इतकं सोपं दुसरं काही मिळणार नाही.

२२ जानेवारी

मंगळवार पेठेत जाऊन चवळी दोन किलो आणि मूग एक किलो. आम्हाला किडा नसलेला, औषध न लावलेला माल पाहिजे म्हटल्यावर दुकानदार आमच्याकडे असा बघितला की जणू आम्ही त्याच्या मालावर शंका घेतली. मग त्यानं एक गोष्ट दाखवली. हात कोपरापर्यंत पोत्यात घातला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. "गार लागला पाहिजे. आत कोमट लागलं की समजायचं, किडा हाय." मी पण घातला. गारच होता. शेजारच्या पोत्यात घालू का विचारलं तर नको म्हणाला, हसला.

ह्याचं शास्त्र सोपं आहे, हजारो किडे एका जागी श्वास घेतात, उष्णता आणि पाण्याची वाफ सोडतात, धान्य उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून पोत्याच्या मध्यात गरम गाभा तयार होतो. हे लिहून ठेवते कारण पुढं लागणार आहे असं वाटतं. गर्दी म्हणजे नुसतं कमी खाणं नाही, गर्दी म्हणजे ऊब पण.

सगळं धान्य पिशव्यांत बांधून फ्रीझरमध्ये, चार-पाच दिवस, आत आधीचं काही असेल तर मरून जाईल. आईला सांगितलं नाही की का ठेवलंय.

२७ जानेवारी

ओळख पटवणे. लॅबच्या मायक्रोस्कोपखाली पहिला तास एक टोका नीट बसेना. शेवटी लावण्यानं त्याला दोन मिनिटं फ्रीजमध्ये ठेवलं, गार पडला की शहाण्यासारखा बसतो.

आपल्याकडं दोन जाती सहज मिळतात, कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस आणि कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस. चायनेन्सिसच्या नराच्या मिशा कंगव्यासारख्या असतात आणि पाठीच्या पुढच्या भागाच्या मागच्या कडेला दोन पांढरे उंचवटे. आमच्या नराच्या मिशा नुसत्या करवतीसारख्या. म्हणजे मॅक्युलेटस. मादी-नर ओळखणं मागून सोपं, पोटाचं टोक पंखाबाहेर उघडं राहतं, मादीला त्यावर दोन बाजूंना काळे पट्टे आणि मधे पांढरी रेघ, नराला ते नाही. पंधरा मिनिटांत हात बसला. लावण्या माझ्यापेक्षा फास्ट.

अजून एक, मोठ्या टोक्याला खायला लागतच नाही. अळी असताना जे खाल्लं त्याच पुंजीवर बाहेर आल्यावर दहा-बारा दिवस जगायचं, जोडी जमवायची, अंडी घालायची. त्यामुळं दाण्यात जेवढं मिळालं तेवढंच, बाहेर येऊन कसर भरून काढता येत नाही. ही गोष्ट मला फार आवडली, आणि प्रोजेक्टसाठी पण सोयीची, कारण मोठ्याचं वजन म्हणजेच त्याच्या लहानपणाचा हिशोब.

३१ जानेवारी

आज अंडी. काल रात्री चवळीच्या बरण्यांत आणि मुगाच्या बरण्यांत टोके सोडले होते, काहींत कमी, काहींत भरपूर, सकाळी काढून घेतले. मग दाणा-दाणा बघून वाटप. ज्या दाण्यावर नऊ-दहा अंडी त्यावरची जास्तीची सुईनं खरवडून आठ ठेवायची, ह्याप्रमाणं चवळीचे चार गट केले, एक अंडं, दोन, चार आणि आठ. मुगाचे तीन, एक, दोन, चार. प्रत्येक गटात वीस दाणे. एकूण एकशे चाळीस दाणे, प्रत्येक दाणा वेगळ्या बाटलीत. बाटल्या कुठून? आमच्या गल्लीतले होमिओपॅथीचे डॉक्टर, त्यांच्याकडं रिकाम्या छोट्या बाटल्या पोत्यानं. देव भलं करो त्यांचं.

एक मजा दिसली ती लिहायची राहून जाईल म्हणून आत्ताच. ज्या बरणीत टोके कमी आणि दाणे भरपूर, तिथं अंडी इतकी सारखी वाटलेली की जणू कुणी मोजून दिली, बहुतेक दाण्यांवर एकच. मादी दाण्यावर चढते, फिरते, आधीचं अंडं असेल तर बऱ्याचदा सोडून पुढं जाते. म्हणजे गर्दी टाळायचा पहिला प्रयत्न अळीचा नाही, आईचा. पण जिथं टोके जास्त होते तिथं हे सगळं शिस्तीचं कोसळलेलं, एका चवळीवर चौदा मोजली.

३ फेब्रुवारी

मूर्खपणा नोंद करून ठेवते. शिल्लक टोक्यांच्या बरण्यांना झाकायला लावण्यानं घरून टॉवेलचे तुकडे आणले, तिच्या वडिलांचे लूम आहेत, टॉवेलचे कटपीस ढिगानं. हवा जाईल, टोका जाणार नाही, मस्त. आज बघतो तर टोके टॉवेलच्या धाग्यांच्या फाशांत पाय अडकून लटकलेले, निम्मे मेलेले. सोलापुरी टेरी टॉवेल जगात प्रसिद्ध आहे पण टोक्यांसाठी नाही. आता जुन्या धोतराचं कापड लावलंय.

७ फेब्रुवारी

अंडी फुटली. हे बाहेरून कळतं, न फुटलेलं अंडं पारदर्शक काचेसारखं राहतं, फुटलं की पांढरं होतं कारण अळी खाली दाणा कोरते आणि कोरलेलं पीठ मागं रिकाम्या कवचात भरत जाते. प्रत्येक दाण्यावर भिंग लावून पांढरी मोजली. एक अंड्याच्या चवळीत वीसपैकी अठरा पांढरी.

बाकी आता वाट बघायची. तीन आठवडे दाण्याच्या आत काय चाललंय काही दिसत नाही.

१० फेब्रुवारी

वाट बघत बसायचं म्हणजे डोकं फिरतं म्हणून दुसरा प्रयोग लावला. ह्यात गर्दी मोठ्यांची. पन्नास-पन्नास चवळ्यांच्या बरण्या, एकीत एक जोडी, एकीत पाच जोड्या, एकीत वीस. प्रत्येकाच्या तीन बरण्या. मरेपर्यंत आत ठेवायचं आणि मग अंडी मोजायची.

हे काही आमचं डोकं नाही. जपानमध्ये क्योटोला शुन्रो उतिदा म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९४० च्या दशकात ह्याच कुळातल्या टोक्यांवर गर्दीचे कितीतरी प्रयोग केले, बरणीत किडे वाढवत जायचे आणि मादीमागं अंडी किती कमी होतात ते बघायचं. सर म्हणाले, तुम्ही ऐंशी वर्षांनी उशिरा पोचलात पण पोचलात.

१३ फेब्रुवारी

वीस जोड्यांच्या बरणीसमोर अर्धा तास बसले. आत शांतता नाहीच. मादी दाण्यावर बसते न बसते तोवर नर येतो, ती मागच्या पायांनी लाथा मारते, हे नुसतं म्हणायला नाही, खरोखर लाथा मारते, कारण ह्या जातीत नराच्या जननेंद्रियावर काटे असतात आणि मादीला त्यानं आतून इजा होते हे सिद्ध झालेलं आहे. एक नर गेला की दुसरा. अंडं घालायला जी दोन मिनिटं निवांत पाहिजेत ती मिळतच नाहीत. एका जोडीच्या बरणीत मादी दुपारभर एकटीच दाणे तपासत फिरत होती.

म्हणजे मोठ्यांच्या गर्दीत खाण्याचा प्रश्नच नाही, ते खातच नाहीत. तरी नुकसान आहे. हे वहीत दोनदा अधोरेखित केलं.

१७ फेब्रुवारी

आई पाणी भरताना ओरडली, बॅरलमध्ये डासांच्या अळ्या. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड, बॅरल भरून ठेवावीच लागतात. मी म्हटलं थांब जरा बघू दे, तर तिनं बॅरल उपडं केलं, बरोबरच केलं. पण तिथंही तीच गोष्ट, करवंटीभर पाण्यात अळ्यांची दाटी झाली की वाढायला दिवस जास्त लागतात आणि निघणारा डास बारका निघतो. बारका म्हणून कमी चावतो असं मात्र नाही.

१८ फेब्रुवारी

राखीव ठेवलेले काही दाणे कापले. चवळीत तीन अळ्या, तीन वेगळ्या खोल्या, मधे पातळ भिंती, कुणी कुणाच्या घरात गेलेलं नाही. पांढऱ्या, पाय नसलेल्या, अर्धचंद्रासारख्या वाकलेल्या. मुगाचे चार दाणे कापले, प्रत्येकावर चार पांढरी अंडी होती, आणि चारही दाण्यांत एकच मोठी अळी! बाकीच्या? एका दाण्यात एक वाळलेली, टाचणीच्या टोकाएवढी सापडली. बाकीच्या दाण्यांत तेवढंही नाही.

सरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं की ह्या जातीत दोन प्रकारची घराणी आहेत. काही घराण्यांच्या अळ्या एका दाण्यात वाटून खातात आणि सगळ्या बारीक होऊन निघतात. काहींच्या अळ्या एकमेकींना सहन करत नाहीत. दक्षिण भारतातल्या मुगावर वाढलेल्या घराण्यावर बरंच काम झालंय, तिथं मुगाच्या एका दाण्यातून बहुधा एकच टोका निघतो. आणि हे सगळं मारामारीनं होतं असंही नाही, अळी कुरतडताना दाण्यात कंपनं जातात आणि शेजारची त्या आवाजानं आपली खोदायची दिशा बदलते, मागं राहते, असं १९८० च्या दशकातच दाखवलेलं आहे. म्हणजे भिंतीपलीकडं कुणीतरी आहे हे त्यांना कळतं. मला एकदम आमचा वाडा आठवला, शेजारच्यांचा मिक्सर लागला की आजी टीव्हीचा आवाज वाढवते.

२४ फेब्रुवारी

दोन गोष्टी.

एक, दाण्यांवर खिडक्या दिसायला लागल्या. आतून अळी सालीपर्यंत येते, साल तशीच ठेवून मागं कोष होते, बाहेरून तिथं गोल गडद डाग दिसतो. टोका झाला की ती गोल चकती ढकलून बाहेर.

दोन, मोठ्यांच्या गर्दीचे आकडे आले. मोजून मान मोडली आहे. एका जोडीच्या बरण्यांत मादीमागं सरासरी ७१ अंडी. पाच जोड्यांत ५०. वीस जोड्यांत २४. बरणीतली एकूण अंडी वाढलीच आहेत, चारशे ऐंशीच्या आसपास, म्हणजे दाण्यामागं नऊ-दहा, पण एकेकीचा वाटा तिसऱ्या हिश्शावर. शिवाय वीस जोड्यांच्या बरणीत अंडी काचेवर, कापडावर, मेलेल्या टोक्याच्या पाठीवर सुद्धा. तिथली अळी जाणार कुठं.

लावण्या म्हणाली आपण मादीला किती जागा मिळाली ते मोजलं, पण त्रास किती झाला ते मोजलंच नाही, एका मादीबरोबर पाच नर ठेवायला पाहिजे होते. बरोबर आहे तिचं. वेळ नाही.

२७ फेब्रुवारी

पहिला निघाला! एक अंड्याची चवळी, बाटली नंबर अकरा, सत्ताविसाव्या दिवशी. खोलीचं तापमान ह्या महिनाभरात २८ ते ३२ च्या मधे राहिलंय, रोज सकाळ-दुपार वहीत आहे.

नियम ठरवला, निघाला की त्याच दिवशी बाटलीसकट फ्रीझरमध्ये, नाहीतर न खाता पडून वजन उतरेल आणि उशिरा बघितलेला हलका दिसेल.

२८ फेब्रुवारी ते ६ मार्च

रोज सकाळी सहाला आणि रात्री दहाला एकशे चाळीस बाटल्या. आई म्हणते एवढं लक्ष अभ्यासात. हाच अभ्यास आहे गं आई.

आठ अंड्यांच्या चवळीत जे दिसतंय ते असं की प्रत्येक दाण्यातला पहिला टोका वेळेवर निघतो, सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांत, एकट्या वाढलेल्यासारखाच. मग दुसरा, तिसरा, आणि शेवटचे तेहतीस-चौतीस दिवसांनी. म्हणजे "गर्दीत वाढीला वेळ लागतो" हे वाक्य पुस्तकात वाचायला ठीक आहे, पण वेळ सगळ्यांना लागत नाही, मागं राहिलेल्यांना लागतो. सरासरी काढली की हे पुसलं जातं. मी दाण्याप्रमाणं लिहिलं होतं म्हणून दिसलं, नशीब.

९ मार्च

वजन. कॉलेजच्या काट्याची प्रॅक्टिकलच्या गडबडीत पाळी मिळेना म्हणून लावण्याच्या मावशीच्या ओळखीच्या सराफाकडं गेलो, सोनं मोजायचा काटा, मिलीग्रॅमपर्यंत दाखवतो, काचेच्या पेटीत. दुपारी गिऱ्हाईक नसताना या म्हणाले. त्यांनी पेटी उघडून डबीत बघितलं आणि, "हे? हे तोलायचं?" मग स्वतःच इंटरेस्ट घेतला, पंखा बंद केला, कारण पंख्यानं काटा हलतो.

प्रत्येक गटातले पहिले निघालेले दहा-दहा ठेवले. एकटे वाढलेले दहा, ४९ मिलीग्रॅम. आठच्या गर्दीतले दहा, ४२. बस? आम्ही दोघी तोंड पाडून. एवढ्या गर्दीत एवढाच फरक?

रिक्षात बसल्यावर लावण्याला सुचलं. "आपण नर-मादी वेगळे केलेच नाहीत बे."

१० मार्च

केले. आणि खरंच, एकट्यांच्या दहात सात नर होते, गर्दीतल्या दहात आठ माद्या. मादी मुळातच जड असते. म्हणजे आम्ही बारीक माद्यांची तुलना धडधाकट नरांशी करत होतो. परत सराफ. आता ते आम्हाला "टोकेवाल्या" म्हणतात.

ह्या वेळचे आकडे, प्रत्येकी सरासरी. चवळीत एकटी वाढलेली मादी ६.२ मिलीग्रॅम, नर ४.४. चवळीत आठ अंड्यांच्या दाण्यातली मादी ४.४, नर ३.५. म्हणजे गर्दीतली मादी एकट्या नराएवढी! आणि मादीचं नुकसान नरापेक्षा जास्त, जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. तिच्या वजनातच पुढच्या पिढीची अंडी असतात, त्यामुळं हे वजन नुसतं वजन नाही.

मुगात मात्र उलटी गंमत. एक अंड्याच्या मुगातली मादी ५.४, चार अंड्यांच्या मुगातली ५.२. नर दोन्हीकडं ४.१. फरक नाहीच म्हटलं तरी चालेल.

आता जगण्याचे आकडे शेजारी ठेवले की गोष्ट पूर्ण होते. चवळीवर एक अंडं, २० पैकी १६ निघाले. दोन अंडी, ४० पैकी ३१. चार, ८० पैकी ५२. आठ, १६० पैकी ६६. मुगावर एक, २० पैकी १५. दोन, ४० पैकी १८. चार, ८० पैकी १९, आणि त्यात फक्त एका दाण्यातून दोन निघाले, बाकी सगळीकडं एक नाहीतर शून्य.

म्हणजे मुगाच्या दाण्यात गर्दी झाली तर निघणारा टोका धट्टाकट्टा, कारण बाकीचे कधीच बाद झालेत. नुसतं बाहेर आलेल्यांचं वजन करून कुणी म्हटलं असतं की मुगात गर्दीचा काही परिणाम नाही, तर आकडे खरे आणि निष्कर्ष साफ खोटा. चवळीत जागा आहे म्हणून बरेच जगतात आणि सगळे बारीक. तेच टोके, तीच आई, नुसता दाणा बदलला.

रात्री दोन वाजता लावण्याला मेसेज केला, तिनं फक्त "झोप बे" एवढंच पाठवलं.

१६ मार्च

सरांसमोर मांडलं. त्यांनी दोन तास घेतले, त्यातला पाऊण तास टोळधाडीवर.

२०२० च्या मे महिन्यात विदर्भात, अमरावती-नागपूरकडं टोळ आले होते ते मला आठवतं, टीव्हीवर लोक थाळ्या वाजवत होते. सर म्हणाले की १९२१ साली बोरिस उवारोव्ह ह्या कीटकशास्त्रज्ञांनी पहिल्यांदा दाखवलं की ज्यांना दोन वेगळ्या जाती समजत होते, एक एकटा राहणारा टोळ आणि एक झुंडीनं फिरणारा, ती एकच जात आहे, गर्दीत वाढला की रंग, वागणं, शरीराची मापं सगळं बदलतं. आणि हे भुकेनं होतं असं नाही. वाळवंटी टोळाच्या मागच्या मांडीला नुसत्या ब्रशनं काही तास परत परत स्पर्श केला तरी तो झुंडीसारखा वागायला लागतो, आणि २००९ मध्ये सिद्ध झालं की त्यामागं सेरोटोनिन हे मज्जासंस्थेतलं रसायन आहे. ब्रश!

मग माझ्याकडं वळून, "तुमच्या टोक्यांत पण असं काही आहे का?" मी म्हटलं नाही सर. ते म्हणाले, "बघितलंत का?"

नाही बघितलं.

१७ मार्च

वाचलं. उतिदांनीच १९५४ मध्ये लिहिलंय की मॅक्युलेटसमध्ये दोन रूपं असतात, न उडणारं आणि उडणारं. दाणे गर्दीनं गरम झाले की उडणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. उडणारी मादी निघते तेव्हा तिची अंडी तयार नसतात, चरबी जास्त असते, जगते जास्त, घालते कमी. म्हणजे पोतं सोडून शेतात जायची तयारी.

आपल्या एकेका दाण्याच्या बाटल्यांत हे दिसणं शक्य नव्हतं, कारण बाटलीत एकच दाणा, ऊब साठायला ढीगच नाही. ढीग कुठं आहे? आजीचा डबा! जानेवारीपासून तसाच माळ्यावर.

१९ मार्च

डबा उतरवला. थर्मामीटर मधे खुपसून पंधरा मिनिटं. खोली ३४, डब्याचा गाभा ३६. दोनच डिग्री, पण झाकणाच्या आत दमट, बोटाला पाणी लागलं. शेजारी तुलनेला म्हणून थोडेच टोके असलेली तेवढ्याच मुगाची बरणी ठेवली होती, तिचा गाभा ३४. मंगळवार पेठेतला हात आठवला.

२५ मार्च

संध्याकाळी साडेसातला डबा उघडला आणि सहा-सात टोके सरळ ट्यूबलाइटवर! आमचे टोके एरवी उडायचं नाव घेत नाहीत, बोटावरून पडतात पण पंख उघडत नाहीत. आई स्वयंपाक सोडून बघायला आली, तिला कौतुक वाटलं नाही.

पकडून मायक्रोस्कोपखाली घेतले, अंगावर पांढरट केस जास्त, पट्टे ठळक, एकंदर गोरे. पाच माद्या नरांबरोबर नव्या चवळीवर सोडल्या. तुलनेच्या बरणीतून असा एकही नाही.

२९ मार्च

त्या पाच माद्यांनी पहिले तीन दिवस एक अंडं घातलं नाही. चौथ्या दिवशी थोडी. आमच्या नेहमीच्या माद्या पहिल्याच दिवशी सुरू करतात. सहा-सात टोक्यांवर काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे, तरी वही बंद करताना हात थरथरला.

आता भांडण. लावण्या म्हणते हे ऊब मुळे, मी म्हणते गर्दी मुळे, ती म्हणते ऊब गर्दीमुळेच आली ना, मग वेगळं काय काढणार. वेगळं काढता येईल, कमी टोके ३६ डिग्रीला ठेवायचे आणि गर्दीचा डबा गार ठेवायचा. त्याला इन्क्युबेटर दोन लागतात, कॉलेजात एक आहे आणि त्यात दुसऱ्या विभागाच्या पेट्री डिश आहेत.

३ एप्रिल

तरी करून बघितलं. गर्दीचा अर्धा डबा पसरट ताटात ओतून वर जाळी, म्हणजे किडे तेवढेच पण ऊब साठणार नाही. चार दिवस झाले, नवीन निघालेल्यांत उडणारा नाही. पण हे टोके ताटात येण्याआधीच दाण्यात वाढलेले, त्यांचं काय ठरायचं ते आधीच ठरलेलं असणार, म्हणजे पूर्ण पिढी ताटात वाढायला पाहिजे. एक महिना. सबमिशन अठराला.

८ एप्रिल

दुपारी घरी ४१. आमच्या पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, थर्मामीटर बघायची इच्छा नाही. ताटातल्या नव्या अंड्यांपैकी पांढरी झालेली शंभरात नऊ. इथं आता गर्दी नाही, सोलापूरचा उन्हाळा प्रयोग करतोय. ह्या तापमानात काढलेला कुठलाही आकडा गर्दीच्या नावावर टाकता येणार नाही, म्हणून ताट बंद. फेब्रुवारीत ताट लावायला पाहिजे होतं.

लावण्याच्या काकांकडं बार्शीला रेशीम आहे, त्यांच्याशी फोनवर बोलले तर ते म्हणाले अळी शेवटच्या अवस्थेत आली की आम्ही जागा वाढवतो, रॅकवर दाटी राहिली की कोष हलका, हे आम्हाला पहिल्याच बॅचला कळलं. मी विचारलं, सगळे हलके निघतात का काही चांगले निघतात? ते जरा थांबले. "दोन्ही. पण आम्ही एकत्रच तोलतो."

हे रिपोर्टात टाकणार.

१२ एप्रिल

रिपोर्ट लिहून झाला, चौतीस पानं, त्यात उडणाऱ्यांवर दीड पान आणि खाली स्पष्ट लिहिलंय की ऊब आणि दाटी वेगळी काढता आली नाही. सरांनी ते वाक्य तसंच ठेवायला सांगितलं.

सगळ्या बरण्या फ्रीझरमध्ये, आठवडाभर, मगच कचऱ्यात, एक पण जिवंत बाहेर जायला नको. बाटल्या धुऊन डॉक्टरांना परत. आजीचा डबा रिकामा करून, गरम पाण्यानं धुऊन, दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवला आणि आत नवीन मूग भरून दिला, एक किलो, स्वतःच्या पैशानं. तिनं झाकण उघडलं, मुठभर दाणे हातावर घेतले, चष्मा लावला आणि एक दाणा माझ्यासमोर धरला.

पांढरा ठिपका. एकच.